अनुभव धागा: लहानथोरांसह दौलताबाद, एका दिवसात

दिवाळीच्या सुट्टीत घरचं लटांबर घेऊन देवगिरीला निघणाऱ्यांसाठी हा धागा. कुठे किती वेळ ठेवावा, काय न्यावं, कुठून मागे फिरावं, नेमकं लिहा.

रानवाट
संभाजीनगरहून किल्ला साधारण १५ किलोमीटर. सकाळी उघडताच आत शिरा. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास आहेत आणि दहानंतर कातळ तापतो. वेरूळ जोडायचं तर मंगळवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद. वेरूळच्या वाटेवर पुढे दिल्ली दरवाजाची कमान अरुंद आहे, सुट्टीच्या दुपारी तिथे गाड्या तुंबतात. म्हणून ती दुपारच्या आधी ओलांडलेली बरी.

चिरेबंदी
मुलांना पळवत वर नेऊ नका, खरी गंमत खालीच आहे. महाकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या मुख्य तटबंदीच्या, दारांवरचे खिळे बघा: हत्तीने मस्तकाने धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेत. दरवाजामागे वाट लगेच वळते, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला सरळ जागाच उरत नाही. हे दाखवलं की पुढचा प्रत्येक बुरूज मुलं स्वतःच वाचायला लागतात. चांदमिनार बाहेरूनच बघायचा. चिनी महालात गोवळकोंड्याचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर कैदेत होता. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ. एवढ्याला निवांत दीड तास द्या.

घाटमाथा
खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी, म्हणजे कातळातला काळोखा भुयारी मार्ग. बॅटरी डोक्याला बांधायची घ्या. मोबाइल हातात धरला की एक हात अडकतो, आणि पायऱ्या उंचसखल असल्यामुळे तोल तिथेच जातो. झोत पायाशी ठेवा. छताकडे गेला तर वटवाघळं उठतात, मग मुलं घाबरून मागे वळतात आणि अंधारात धक्काबुक्की होते. पुढे एक मोठा, मध्ये मुलं, शेवटी दुसरा मोठा. वासाने मळमळणाऱ्यांनी रुमाल ठेवावा. बाहेरूनही पायऱ्या आहेत, दम्याच्या माणसाला तिकडूनच न्या.

पाण्याचं राहिलं. माणशी दीड लिटर खालूनच घ्या. खाऊ मात्र बंद सॅकमध्ये, कारण पिशवी दिसली की माकडं झडप घालतात.

सावलीकर
गुडघे दुखणाऱ्यांना त्रास चढताना कमी, उतरताना जास्त. त्यांनी चिनी महालापाशी थांबावं. वरच्या बारादरीला (माथ्याजवळचा महाल) जाणाऱ्यांनी परतीची वेळ त्यांना आधीच सांगून ठेवावी आणि गाडीची किल्ली त्यांच्याकडेच द्यावी.