अँटिबायोटिक विषाणूवर का चालत नाही? नेमकं कारण हवं आहे

शोधयात्री

जीवशास्त्र नव्याने शिकणाऱ्यांसाठी जिवाणू-विषाणूंवर टिपण तयार करते आहे. ‘फ्लूवर अँटिबायोटिक घेऊ नका’ हे वाक्य सगळीकडे सापडतं, पण कारणाच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘विषाणू सजीव नाही म्हणून’ एवढंच असतं. हे पटत नाही. सजीव नसलेल्या गोष्टीचं कामही बंद पाडता येतंच की.

तर जिवाणू मारणारं औषध आपल्या पेशींना का मारत नाही, आणि विषाणूपुढे निकामी का ठरतं? विषाणूवरची औषधं मग चालतात कशी, आणि इतकी कमी का? हिरवा कफ आणि जास्त ताप म्हणजे जिवाणूच, यात तथ्य किती? साबण आणि सॅनिटायझर दोघांवर सारखंच काम करतात का?

आणखी एक, थोडं वेगळं: ग्रॅम रंजन (जिवाणूंना रंगवून त्यांचे जांभळे-गुलाबी असे दोन गट ओळखण्याची पद्धत) करताना जे जिवाणू जांभळे दिसायला हवेत तेही गुलाबी दिसतात, हे कशामुळे होतं?

---

पेशीभित्ती

शंका रास्त आहे. सजीव-निर्जीव वादात शिरायची गरजच नाही. औषध कशावर जाऊन बसतं, तेवढं बघा.

जिवाणू ही पूर्ण पेशी आहे. ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो, ४६ लाख अक्षरांचा डीएनए आणि चार हजारांवर जनुकं बाळगतो, आपली प्रथिनं आपणच बनवतो आणि चांगलं पोषण मिळालं तर ३७ अंश सेल्सिअसला २० मिनिटांत दुप्पट होतो. एवढा संसार असल्यावर नेम धरायला जागा भरपूर मिळतात. त्यातही जी जागा आपल्या पेशीत नाही किंवा पुरेशी वेगळी आहे, तिथे नेम धरणारं रसायनच औषध म्हणून उपयोगी पडतं.

पेनिसिलिन जवळून बघण्यासारखं आहे. बहुतेक जिवाणूंभोवती पेप्टिडोग्लायकनची जाळी असते: शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे सांधणारे अमिनो आम्लांचे छोटे पूल. वाढताना जिवाणू ही जाळी जागोजागी कापतो, नव्या साखळ्या घालतो आणि पुन्हा पूल बांधतो. पूल बांधणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) कामाच्या जागीच पेनिसिलिन जाऊन घट्ट चिकटतं. कापणं चालू राहतं, बांधणं थांबतं. पेशीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे जाळी विरळ झाली की तिच्या आतलं पेशीचं पातळ पटल तिथून बाहेर येतं आणि पेशी फुटते. आपल्या पेशींना ही जाळी मुळातच नाही, म्हणून त्यांना धक्का लागत नाही.

हे एकदा नीट समजलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. वाढ थांबवून पडून राहिलेला जिवाणू जाळी कापतही नाही आणि बांधतही नाही, म्हणून पेनिसिलिनच्या तडाख्यातून तो वाचू शकतो. मायकोप्लाझ्मा हा जिवाणूच, न्यूमोनियाही करतो, पण त्याला पेशीभित्तिकाच, म्हणजे ही जाळीच, नाही. पेनिसिलिन कितीही द्या, उपयोग शून्य. तिथे रायबोसोमवर (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर) बसणारं ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागतं. आणि क्षयाचा जिवाणू मायकोलिक आम्लांच्या मेणचट थराआड राहतो, दुप्पट व्हायला १५ ते २० तास घेतो, म्हणून नेहमीच्या क्षयाचा उपचारही साधारण ६ महिने चालतो आणि सुरुवातीला चार औषधं एकत्र द्यावी लागतात.

बाकीच्या जागा थोडक्यात: जिवाणूचा रायबोसोम ७०एस, आपल्या पेशीद्रवातला ८०एस (एस हे कण द्रवात किती वेगाने खाली बसतो त्याचं एकक), त्यामुळे टेट्रासायक्लिन गटाला फरक ओळखता येतो. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या गायरेज या विकरावर बसतं. सल्फा औषधं फोलेट (एक ब जीवनसत्त्व) बनवण्याच्या वाटेवर अडथळा घालतात. बहुतेक जिवाणूंना फोलेट स्वतः बनवावं लागतं, आपल्याला ते अन्नातून मिळतं. पण हा फरक दर वेळी इतका स्वच्छ नसतो. आपल्या मायटोकॉन्ड्रियांतले (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतले) रायबोसोम जिवाणूंच्या वळणाचे असतात, म्हणूनच लिनेझोलिड हे रायबोसोमवर बसणारं अँटिबायोटिक फार दिवस चाललं की रक्तपेशी कमी होऊ लागतात.

आता हीच यादी घेऊन विषाणूकडे या. पेप्टिडोग्लायकन नाही. रायबोसोम नाही. फोलेट बनवण्याची सोय नाही. प्रथिनं तो आपल्याच ८०एस रायबोसोमवर करून घेतो. अँटिबायोटिकला बसायला जागाच नाही, इतकंच कारण.

---

आठतुकडे

वरच्या उत्तराला जोडून विषाणूची बाजू. इन्फ्लुएन्झा घेऊया, कारण त्याचा प्रत्येक टप्पा चांगला माहीत आहे.

कण साधारण १०० नॅनोमीटरचा. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणून तो त्यात दिसत नाही. आत आरएनएचे आठ तुकडे, सगळे मिळून सुमारे १३,५०० अक्षरं. ई. कोलायच्या ४६ लाखांशेजारी हा आकडा ठेवा, म्हणजे औषधाला जागा इतक्या कमी का, ते कळेल.

विषाणूच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन श्वसनमार्गाच्या पेशीवरच्या सायलिक आम्लाला (एका शर्करेला) धरतं. पेशी त्या कणाला पिशवीत घालून आत ओढते. पिशवीतलं आम्ल वाढलं की हिमॅग्लुटिनिनचा आकार बदलतो, विषाणूचं आवरण पिशवीच्या पटलाशी एकजीव होतं आणि आठही तुकडे मोकळे होऊन केंद्रकात जातात. तिथे विषाणूचं पॉलिमरेज (आरएनएच्या प्रती काढणारं विकर) आपल्या पेशीतल्या एमआरएनएचं (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएचं) टोक कापून स्वतःच्या आरएनएला लावतं, म्हणजे रायबोसोमला तो संदेश घरचाच वाटतो. नवी प्रथिनं आणि नवे तुकडे पटलापाशी जमतात, आणि कण पेशीचंच पटल गुंडाळून बाहेर पडतो. बाहेर पडला तरी तो पुन्हा सायलिक आम्लाला चिकटतोच. तो दुवा कापायला न्यूरॅमिनिडेज हे विषाणूचं विकर लागतं.

औषधं नेमकी इथेच बसतात. बॅलोक्साव्हिर टोक कापण्याच्या पायरीवर, ओसेल्टामिव्हिर न्यूरॅमिनिडेजवर. ही प्रथिनं विषाणूची स्वतःची, म्हणून चालतात. ओसेल्टामिव्हिर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर फायदा जास्त, याचंही कारण यातच आहे: विषाणूची सगळ्यात जास्त वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते. नंतरचा ताप आणि अंगदुखी मुख्यतः आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या रसायनांची. अर्थात दाखल करावं लागलेल्या गंभीर रुग्णाला ४८ तास उलटले तरी औषध देतात.

नागिणीवरचं ॲसायक्लोव्हिर तर फारच सुरेख. ते निष्क्रिय रूपात शरीरभर फिरतं. त्याला पहिला फॉस्फेट लावण्याचं काम मुख्यतः विषाणूचं थायमिडीन कायनेज हे विकर करतं. म्हणजे ज्या पेशीत विषाणू आहे, तिथेच ते जागं होतं.

एचआयव्ही आणि हेपटायटिस सी यांतला फरकही विद्यार्थ्यांना जरूर सांगा. हेपटायटिस सी ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. एचआयव्ही स्वतःच्या जनुकांची डीएनए प्रत आपल्या पेशीच्या गुणसूत्रात शिवून ठेवतो. औषधं नव्या प्रती थांबवतात, शिवलेली प्रत काढत नाहीत. म्हणून गोळ्या आयुष्यभर.

रेबीजमध्ये लक्षणं दिसल्यावर खात्रीचं औषध नाही. पण चावल्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा १ ते ३ महिने जातात, आणि तेवढ्यात लस प्रतिपिंडं तयार करते. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुणं, लस, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं). कधीकधी लक्षणं याहून फार लवकर येतात, म्हणून ‘उद्या बघू’ हे इथे चालत नाही.

---

नमुनाबाटली

हिरव्या कफाबद्दल: तो हिरवा रंग जिवाणूंचा नसतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवट विकर असतं. त्या पेशी मोठ्या संख्येने जमल्या की कफ हिरवा-पिवळा दिसतो, आणि त्या साध्या विषाणूच्या सर्दीतही जमतात. तापाचा आकडाही भरवशाचा नाही. फ्लूमध्ये ३९–४० अंश सहज जातो, क्षयात महिनोन्‌महिने बारीक ताप राहू शकतो.

मग बघायचं काय? घसा घ्या. ताप ३८ अंशांच्या वर, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकला *नसणं*. या चारांतली तीन-चार लक्षणं एकत्र असली तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शक्यता वाढते, तरीही नुसती वाढतेच. जलद चाचणी किंवा कल्चर (नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) करावं. निदान पक्कं झालं तर पेनिसिलिन बहुधा १० दिवस, कारण हेतू फक्त घसा बरा करणं नाही, पुढचा संधिवाताचा ताप आणि हृदयाच्या झडपांची हानी टाळणं हाही आहे. याउलट नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तर बहुधा विषाणू.

फ्लू उतरत आला, दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप चढून दम लागू लागला, तर मात्र सावध व्हा. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर सोललेलं असतं आणि न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस हे जिवाणू मागून आत शिरतात. ‘विषाणूचा आजार होता, मग आता अँटिबायोटिक कसं दिलं?’ याचं एक खरं उत्तर हे आहे.

आणि ज्या चुकीने निदान सर्रास बिघडतं ती ही: अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेल्यावर कल्चर पाठवणं. जिवाणू मेले नसले तरी दबलेले असतात, बाटलीत वाढत नाहीत, आणि ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो. टायफॉइडमध्ये तर रक्ताच्या मिलिलिटरमागे कित्येकदा एखादाच जिवाणू असतो. म्हणून मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. ३ मिलीत तो हुकू शकतो. कातडी जंतुनाशकाने पुसून पूर्ण सुकू द्या, आणि दोन वेगळ्या जागांहून रक्त घ्या. एकाच बाटलीत स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आला तर तो बहुधा कातडीवरचा. दोन्हींत आला तर गांभीर्याने घ्यायचा.

विषाणूच्या आजारात ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक देण्याचं मला मनापासून वाईट वाटतं. विषाणूला काही होत नाही, पण आतड्यातले संवेदनशील जिवाणू मरतात आणि प्रतिरोधक उरतात. प्रतिरोधाची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिडवर असतात. हे छोटे गोल डीएनए एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात, अगदी वेगळ्या जातीतही. आज निरुपद्रवी ई. कोलायमध्ये निवडून आलेलं जनुक उद्या न्यूमोनिया करणाऱ्या क्लेब्सिएलात सापडू शकतं.

---

शोधयात्री

सगळ्यांचे आभार, हेच हवं होतं. साबणाचं आणि रंजनाचं राहिलं.

---

काचपट्टी

साबण आधी. इन्फ्लुएन्झा, कोरोना, एचआयव्ही यांच्याभोवती मेदाचं आवरण असतं. साबण ते विस्कटतो आणि विषाणू निकामी होतो. ६० ते ८० टक्के अल्कोहोलही तेच करतं. शुद्ध अल्कोहोल त्याहून कमी पडतं, कारण प्रथिनांची घडी मोडायला पाणी लागतं. नोरोव्हायरसला हे आवरणच नाही. त्याच्यावर सॅनिटायझर फार कमी चालतो. तिथे साबणाने २० सेकंद चोळून वाहत्या पाण्याने धुवावं, म्हणजे कण निघून जातात, आणि फरशीला १००० ते ५००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीन. क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचे बीजाणू (कठीण कवचातली सुप्त रूपं) अल्कोहोलला दाद देत नाहीत, नुसत्या उकळण्यानेही मरतील याची खात्री नाही. त्यांना ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र): १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. आत हवा अडकली तर काटा १५ पौंड दाखवतो पण तापमान १२१ला पोचत नाही, म्हणून आधी हवा पूर्ण जाऊ द्या आणि भांडी ठासून भरू नका.

आता रंजन. पातळ थर पसरा, हवेत वाळवा, ज्योतीवरून दोन-तीनदा पटकन फिरवा. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, धुवा. आयोडीन १ मिनिट, धुवा. काचपट्टी तिरकी धरून ९५ टक्के अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडा, आणि ओघळ रंगहीन झाला त्या क्षणी थांबून पाण्याने धुवा. पातळ थराला ५ ते १५ सेकंद पुरतात. शेवटी सॅफ्रानिन ३० ते ६० सेकंद.

आयोडीनशी जोडून रंगाचे मोठे रेणू बनतात. ग्रॅम पॉझिटिव्हच्या (जांभळ्या राहणाऱ्या जिवाणूंच्या) जाड जाळीत ते अडकून राहतात. ग्रॅम निगेटिव्हची (शेवटी सॅफ्रानिनने गुलाबी होणाऱ्यांची) जाळी पातळ, आणि बाहेरचं पटल अल्कोहोलने विरघळतं, त्यामुळे रंग निसटतो.

सगळंच गुलाबी दिसत असेल तर पहिला संशय अल्कोहोलवर. पाच-दहा सेकंद जास्त झाले तरी जाड जाळीतूनही रंग जातो. दुसरा संशय कल्चरच्या वयावर: २४ तासांहून जुनं असेल तर भित्तिका झिजलेल्या असतात, आणि बॅसिलस व क्लॉस्ट्रिडियम तर हमखास फसवतात. १८ ते २४ तासांचं ताजं कल्चर घ्या. तिसरं, ज्योतीवर जास्त तापवल्याने फाटलेल्या पेशी. आयोडीन जुनं होऊन फिकट पडलं असेल तरी हेच होतं. उलट, निगेटिव्हही जांभळे दिसत असतील तर थर जाड आहे.

चूक कुठे होते ते शोधायचं तर त्याच काचपट्टीच्या एका टोकाला स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलायचा थर द्या, मधे तुमचा नमुना. ऑरियस गुलाबी निघाला तर त्या पट्टीचं वाचन नोंदवू नका, नवी करा.