रकमेपुढचं /- नेमकं आलं कुठून?

घोडबंदर_वाला:
यंदा सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब माझ्या गळ्यात पडलाय. पावतीपुस्तकात सगळीकडे ५०१/-, १००१/- असंच लिहिलंय आणि आमचे खजिनदार काका तर /- नसेल तर पावतीवर सहीच करत नाहीत, अर्धवट आहे म्हणतात. शाळेत हे कोणी शिकवल्याचं आठवत नाही तरी मीपण लिहितोच. हे आलं कुठून, आणि नाही लिहिलं तर काय बिघडतं?

नौपाडा_कट्टा:
सोपंय रे, पुढे कोणी आकडा घुसवू नये म्हणून. ५०१ पुढे एक शून्य टाकलं की झाले ५०१०. जांभळी नाक्यावरचे जुने व्यापारी बघ, बिलावर रेघ अशी लांब ओढतात की पुढे माशी बसायला जागा नाही.

मोडी_वेडा:
मला तर हे आपल्याच जुन्या हिशोबातलं वाटतं. पूर्वी १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन असं लिहायचे. तीच उभी रेघ पुढे तिरकी झाली असणार.

कोपरी_पूर्व:
मोडीवाले, रेघा बरोबर सांगितल्यात पण इथे जुळत नाही. ती रेघ पाव मोजते, म्हणजे ५०१। लिहिलं तर पाचशे एक रुपये चार आणे होतील. /- नेमकं उलटं सांगतं, की रुपयाच्या खाली काही नाही.

पद्धत इंग्रजांची. त्यांच्याकडे पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगचे १२ पेन्स. ५/६ म्हणजे पाच शिलिंग सहा पेन्स, आणि पेन्स नसले की त्या जागी आडवी रेघ, ५/-. तिरकी रेघ म्हणजे मुळात शिलिंगचा एस, तोही जुन्या वळणाचा लांबडा, भराभर लिहिताना त्याची नुसती रेघ झाली असं मानतात. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणून जुन्या कागदांवर ५/८/- असं दिसतं, पाच रुपये आठ आणे, पै नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले, १९६४ ला त्यातलं 'नये' पण गेलं, पण लिहिणाऱ्यांचा हात काही बदलला नाही. खुद्द इंग्लंडने १९७१ च्या फेब्रुवारीत शिलिंग मोडीत काढलं. केनिया, टांझानियात मात्र चलनच शिलिंग आहे, तिकडे दुकानात /= किंवा /- अजून दिसतं.

कट्टावाल्यांचंही खोटं नाही, जागा बंद होते हा फायदा आहेच, पण तो नंतरचा.

घोडबंदर_वाला:
भारी! मग काकांना सांगू का की /- नसलं तरी चालतं?

कोपरी_पूर्व:
चालतं, पण पावतीवर अक्षरी रक्कम आणि पुढे 'मात्र' लिहायला विसरू नका. चेकचं बघा, १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे आकडा आणि अक्षर वेगळं असेल तर अक्षरी रक्कम धरतात. रेघेचं त्यात नावही नाही. बाकी काकांशी वाद घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा, सही त्यांची लागते ☺

वाशी_सेक्टर_९:
हिशोब एक्सेलमध्ये करणार असशील तर सेलमध्ये /- टाईप करू नकोस. ते टेक्स्ट होतं, सम लावला की त्या रकमा धरतच नाही आणि एररही येत नाही, बेरीज गपचूप कमी दाखवतं. फॉरमॅट सेल्समध्ये कस्टमला जा, तिथे शून्य आणि लगेच डबल कोट्समध्ये /- टाक. मग आकडा आकडाच राहतो आणि प्रिंटवर काकांना रेघ दिसते.