मदत हवी आहे: जपानमध्ये शाकाहारी रामेन
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन जपानला जातेय. तिला रामेन खायचंच आहे, पण ती पक्की शाकाहारी. मूळ चिनी नूडल्सचा हा पदार्थ टोकियोच्या आसाकुसात १९१० साली उघडलेल्या राइराइकेन या हॉटेलमुळे गाजला आणि मग गावोगावी बदलला. साप्पोरोत मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घालतात. फुकुओकाच्या हाकाता रामेनसाठी तर डुकराची हाडं तासन्‌तास उकळतात, रस्सा दुधासारखा पांढरा होईपर्यंत! अडचण या रश्श्याचीच आहे. वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी खाली बहुतेकदा हाडांचा किंवा सुक्या माशांचा अर्क असतो. कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमवर केलेला रस्सा टोकियो किंवा क्योतोत कुठे मिळेल? ऑर्डर देताना जपानीत नेमकं काय विचारायचं? तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.