चिखलातला परागकण 'जीवाश्म' की 'अवशेष'?

रानवाट: बेटांवरच्या वनस्पतींच्या उत्क्रांतीवरचा लेख मराठीत आणते आहे. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांच्या भागात अडलंय. तिथल्या दलदलीच्या गाळात जुने परागकण मिळाले. माणसाने आणल्या असं समजल्या जाणाऱ्या 6 वनस्पती तिथे आधीपासूनच होत्या, हे 2008 साली त्यावरून सिद्ध झालं. त्यात जास्वंदीच्या कुळातली एक जात आहे. मी 'जीवाश्म परागकण' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी 'जीवाश्म' खोडून 'अवशेष' केलं, चिखलात अश्म कुठला म्हणून. पण अवशेष म्हटलं की मोडकंतोडकं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. काय करू?

अनुस्वार: बाईंचं बरोबर आहे. दगड झालेला नसेल तर जीवाश्म म्हणू नये. 'पुरापराग' करा.

गाळकरी: कॉलेजात असे नमुने धुतलेत. वाळू-माती घालवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. त्यात अश्म विरघळतो आणि परागकणाचं कवच टिकतं! जास्वंदीचा कण तर सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी चेंडूसारखा दिसतो, एकेक काटा शाबूत. तरी 'जीवाश्म'च ठेवा. अंबरमधल्या, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या प्राचीन राळेतल्या किड्यालाही आपण जीवाश्मच म्हणतो की.

अनुस्वार: रूढ झालं म्हणून चूक बरोबर होत नाही.

शब्दवेध: 'फॉसिल' लॅटिनमधल्या खणण्याच्या धातूवरून आलाय. खणून काढलेलं ते फॉसिल. दगडाची अट आपण घातली. संस्कृतात 'निखात' आहे, म्हणजे पुरलेलं. निखात पराग! कितीदा सुचवलाय, कुणी घेत नाही.

रानवाट: वाचक अडखळेल हो त्यावर. आणि 'रेलिक्ट'साठीही, म्हणजे जुन्या काळातलं जे आजवर जिवंत उरलंय त्यासाठीही, मी 'अवशेष'च वापरलाय. मदेइरा आणि कॅनरी बेटांवरची लॉरेलची वनं म्हणजे युरोपातल्या प्राचीन जंगलांचे अवशेष, असं वाक्य आहे.

गाळकरी: ते वाक्यच जपून लिहा. डीएनए पाहिला तर तिथले बरेच वंश नंतर आलेले निघतात. उलट मदेइरावर युर्‍या नावाच्या झाडाच्या बिया मिळाल्यात, माणूस पोचण्याच्या लाखो वर्षं आधीच्या. आज ते झाड तिथे नाही. कॅनरीतल्या तेनेरिफे बेटाच्या गाळात ओक आणि हॉर्नबीमचे पराग आहेत, ते सुमारे 2000 वर्षांपूर्वी घटत गेले. जे वंश बुडाले त्यांचा पत्ता आजच्या झाडांच्या डीएनएत कसा लागणार? त्यासाठी गाळच उपसावा लागतो. 'जंगल जसंच्या तसं उरलं' असा अर्थ निघेल तो शब्द तिथे नको.

पानगळ: मला वेगळंच विचारायचंय. त्या जास्वंदीला 'स्थानिक' म्हणणार का? काही जण 'एन्डेमिक'लाही, म्हणजे फक्त एकाच प्रदेशात सापडणाऱ्या जातीलाही, स्थानिक म्हणतात. ही जात आफ्रिकेतही आहे, म्हणजे गालापागोसची मूळची खरी, पण फक्त तिथलीच नव्हे.

रानवाट: 'मूळची' म्हणेन. एन्डेमिकला 'प्रदेशनिष्ठ' आहेच.

अनुस्वार: झाडाला कसली निष्ठा? मला तो शब्द कधीच पटला नाही.

शब्दवेध: नि + स्था, घट्ट टिकून राहणं. 'वस्तुनिष्ठ'मध्ये कोण कुणाशी इमान राखतं?

अनुस्वार: 'वस्तुनिष्ठ'सुद्धा घडवलेलाच शब्द. त्याचा दाखला चालणार नाही.