मुलाच्या मनगटाच्या एक्सरेत हाडाला आडवी काळी रेघ, दुसरं फ्रॅक्चर आहे का?

घोडबंदरकर:
मुलगा ११ वर्षांचा, रविवारी उपवनला सायकलवरून पडला, हात टेकला आणि मनगट सुजलं. एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले हाड एका बाजूने नुसतं दबलंय, प्लास्टर घालू, ग्रोथ प्लेट ओके आहे, आणि पुढचा पेशंट आत. घरी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली तर मनगटाजवळ दोन्ही हाडांना आरपार आडवी काळी रेघ, टोकाचा तुकडा चक्क सुटा दिसतोय! हे तुटलेलं नाही तर काय? त्यात सासूबाईंचं चालू आहे की कॅल्शियमच्या गोळ्या आणा, हाड पण जुळेल आणि उंची पण वाढेल.

ऐरोलीची_फिजिओ:
दादा, घाबरू नका, तीच ग्रोथ प्लेट. ती कार्टिलेजची (कूर्चेची, मऊ हाडाची) असते, त्यात कॅल्शियम भरलेलं नसतं म्हणून एक्सरेत तिथे गॅप दिसते. हाड लांब होतं ते याच पट्टीत. पेशी वाढून नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात, मग फुगतात, भोवती कॅल्शियम जमतं, आणि रक्तवाहिन्यांबरोबर आत आलेल्या ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी खरं हाड घालतात. रेडियसची (हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाची) ७५ ते ८० टक्के लांबी मनगटाकडच्या प्लेटमधूनच वाढते, कोपराकडून थोडीच. त्यामुळे डॉक्टर घाईत बोलले असले तरी 'ग्रोथ प्लेट ओके' हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

तलावपाळी_मेडिको:
ताईंना +१. हाडाचा मधला भाग लांबीला वाढतच नाही, हे इंग्रज शास्त्रज्ञ स्टीफन हेल्सने १७२७ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला अर्ध्या इंचावर दोन भोकं पाडली, दोन महिन्यांनी हाड इंचभर वाढलेलं आणि भोकांमधलं अंतर तेवढंच. (पिल्लाचं काय झालं असेल ते सोडा.) जाडी मात्र वेगळ्या पद्धतीने वाढते, बाहेरच्या पेरिऑस्टियमखाली (हाडावरच्या आवरणाखाली) नवा थर चढतो आणि आतून ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड खात जातात, म्हणून मज्जेची पोकळी पण मोठी होते. पोरांचं पेरिऑस्टियम जाड आणि हाड लवचिक, त्यामुळे मोठ्यांसारखा कडकन तुकडा न पडता नुसतं दबतं.

आणि कॅल्शियम, ते कमी पडलं तर हाड कच्चं राहतं हे खरं पण पुरेसं असताना वरून गोळ्या देऊन उंची वाढत नाही, प्लेट कधी बंद होणार (म्हणजे तिचंही हाड होऊन वाढ थांबणार) ते हार्मोन्स ठरवतात, मुलग्यांमध्येसुद्धा इस्ट्रोजेन. सासूबाईंना नाचणीची भाकरी करायला सांगा, १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं.

कळवा_ऑलराउंडर:
सेंट्रल मैदानावर कोचिंगला येणाऱ्या पोरांच्या आईबापांना हा एक्सरे चांगला ओळखीचा आहे, अंडर-१६ ला वय चोरणारे पकडायला बीसीसीआय मनगटाचाच एक्सरे काढून टीडब्ल्यू३ पद्धतीने हाडाचं वय बघते. जन्मदाखला खोटा आणता येतो, प्लेट कुठून आणणार 😄

घोडबंदरकर:
सगळ्यांना थँक्यू, जिवात जीव आला. नाचणीवर घरात एकमत आहे. प्लास्टर निघालं की पुन्हा एक्सरे मागू का?

ऐरोलीची_फिजिओ:
ते डॉक्टरांना ठरवू द्या. तोवर बोटं हलवायला लावा, आणि बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढत गेलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.