इन्स्टंट कॅमेऱ्याने फिल्म वाचवली, हे मला मान्य नाही

तांबडा_दिवा :
परवा एका सदस्याने लिहिले की, ‘आज फिल्म जिवंत आहे ती इन्स्टंट कॅमेऱ्यांच्या जोरावर, रोल वापरणाऱ्यांनी त्यांचे उपकार मानायला हवेत.’ दोन ओळींत उत्तर देऊन थांबणार होतो, परंतु ‘उपकार’ हा शब्द काही केल्या पचेना, म्हणून विस्ताराने लिहितो.

इन्स्टंट कॅमेऱ्याविषयी, म्हणजे फोटो काढताच त्याची प्रिंट हाती देणाऱ्या कॅमेऱ्याविषयी, माझ्या मनात आकस नाही. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत स्वतःचा फोटो काढून मिनिटाभरात त्याची प्रिंट सोलून दाखवली, आणि १९७२ मध्ये घडी होणारा एसएक्स-७० कॅमेरा आणला, तेव्हा ती अभियांत्रिकीची कमाल होती. मात्र लोकप्रियता वेगळी आणि पुनरुज्जीवन वेगळे. फूजीफिल्मचा इन्स्टंट कॅमेरा इन्स्टॅक्स मिनी १९९८ मध्ये आला, मधल्या काळात मागे पडला, आणि नंतर असा उसळला की २०१८ च्या आर्थिक वर्षात इन्स्टॅक्सचे एक कोटी कॅमेरे खपले. आता त्याच सुमारास फूजीफिल्मने बाकीच्या फिल्मचे काय केले, तेही पाहा. २०१६ मध्ये एफपी-१००सी बंद करण्याची घोषणा झाली, आणि ती तर स्वतःच इन्स्टंट फिल्म होती. २०१८ मध्ये ॲक्रॉस १०० ही कृष्णधवल फिल्म थांबली. जानेवारी २०२१ मध्ये प्रो ४००एच ही रंगीत फिल्म गेली. इन्स्टंटच्या यशाने रोल तरणार असते, तर ते सर्वांत आधी याच कंपनीत दिसायला हवे होते.

रंगीत रोल तगला तो सिनेमामुळे. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर २०१५ मध्ये हॉलिवूडच्या सहा मोठ्या स्टुडिओंनी फिल्म घेत राहण्याचे करार केले, म्हणून कोडॅकचा रॉचेस्टरचा फिल्म कारखाना चालू राहिला, आणि आपल्या कॅमेऱ्यातला कोडॅकचा रोलही तिथूनच येतो. कृष्णधवलचा भार इल्फर्ड या फिल्म कंपनीने आणि घरच्या न्हाणीघरात रोल धुणाऱ्या हट्टी लोकांनी वाहिला. उपकार मानायचेच असतील, तर मी त्यांचे मानीन.

सावली :
तुम्ही कारखान्यांचा हिशेब मांडलात, माणसांचा मांडला नाही. शिवाय कारखान्यांच्या हिशेबातही ॲक्रॉस २०१९ मध्ये नव्या रूपात परत आली, हे तुम्ही गाळले आहे.

माझ्या भाचीला मी तिच्या बाराव्या वाढदिवसाला इन्स्टॅक्स दिला. पाकिटात दहाच कागद असतात, आणि ते तिने पाऊण तासात संपवले. त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश दरवेळी पडतोच, आणि ती प्रत्येकाच्या नाकाशी कॅमेरा नेत होती, त्यामुळे नऊ प्रिंटमध्ये चेहऱ्यांच्या जागी पांढरे डाग आले. दुसरे पाकीट तिला पाच आठवड्यांनी मिळाले. त्या वेळी मी तिला गच्चीवर पाहिले: कॅमेरा डोळ्याला लावून ती उभी होती, मग तो खाली घेतला, दोन पावले मागे गेली, पुन्हा लावला, आणि शेवटी फोटो न काढताच आत आली. मी कारण विचारले, तर म्हणाली, ‘तीनच उरलेत, मावशी.’

फिल्म म्हणजे याहून वेगळे काय असते? मोजक्या फ्रेम आणि काढलेला फोटो पुसता न येणे, ही शिस्त तिला त्या प्लास्टिकच्या डब्याने लावली. पुढच्या वर्षी तिने स्वतःहून तिच्या वडिलांचा जुना एसएलआर, म्हणजे रोलचा कॅमेरा, कपाटातून काढला. पेंटॅक्सने २०२४ मध्ये ‘१७’ नावाचा नवा, हाताने रीळ पुढे सरकवण्याचा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. तो कोणाच्या भरवशावर आणला असेल, असे तुम्हाला वाटते? तुमच्या न्हाणीघरातल्या चार हट्टी लोकांच्या?

छत्तिसावी_फ्रेम :
सावलीताई, तुमची भाची गुणी आहे, पण एका भाचीवरून निष्कर्ष काढू नका. माझ्या मावसभावाकडे दोन इन्स्टंट कॅमेरे आहेत, खोलीत दोरीला चिमट्यांनी लावलेल्या प्रिंट आहेत, आणि रोल कॅमेऱ्यात कसा भरतात हे त्याला आजही ठाऊक नाही. त्याला फोटो भेट म्हणून द्यायला आवडतात, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त त्याला फिल्मचे पुनरुज्जीवन म्हणू नका.

माझा मूळ आक्षेप निगेटिव्हचा आहे. आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा खालच्या कप्प्यातले तिन्ही अल्बम गेले. पाने एकमेकांना चिकटली आणि सोडवताना प्रिंटवरचा चेहऱ्यांचा थर निघून आला. निगेटिव्ह मात्र वरच्या फळीवर बिस्किटांच्या डब्यात होत्या. त्या पट्ट्या खिडकीशी धरून मी एक एक फ्रेम ओळखत गेलो, आणि आईबाबांच्या लग्नाचे सगळे फोटो पुन्हा छापून घेतले. त्याच अल्बममध्ये धाकट्या बहिणीच्या बारशाची एक पोलरॉइड होती. ती गेली ती गेलीच. जिच्यातून दुसरी प्रत निघत नाही, ती फिल्म माझ्या लेखी अर्धीच.

कृष्णधवल :
निगेटिव्हचा विषय निघालाच आहे, तर मला बोलू द्या, कारण तरुण मंडळी रोलकडे वळली तरी निगेटिव्ह त्यांच्या हाती पडतेच असे नाही. मी एका लॅबकडे चार रोल धुवायला दिले होते. स्कॅन आले, पण निगेटिव्ह आल्या नाहीत. चौकशी केल्यावर उत्तर मिळाले की, ‘हल्ली कोणी मागत नाही, म्हणून महिन्याने टाकून देतो.’ चार रोल, म्हणजे जवळपास दीडशे फ्रेम, आणि माझ्याकडे उरले काय, तर मोबाइलवर बरे दिसतील एवढ्या आकाराचे स्कॅन. दुसऱ्या लॅबने निगेटिव्ह दिल्या, पण पट्ट्या कापताना कात्री दोन फ्रेमच्या मधून न चालवता थेट एका फ्रेममधून चालवली. छत्तिसावी फ्रेम, तुम्ही इन्स्टंटला अर्धी फिल्म म्हणता. मग निगेटिव्ह फेकून देऊन स्कॅनवर समाधान मानणाऱ्यांना काय म्हणणार?

छत्तिसावी_फ्रेम :
अडाणी म्हणेन. रोल देतानाच पाकिटावर ‘निगेटिव्ह परत हव्यात, पट्टी सहा फ्रेमची’ असे ठळक लिहायचे असते. ज्याने ते लिहिले नाही, त्याने लॅबला दोष देऊ नये.

कृष्णधवल :
मी लिहिले होते, दोन्ही वेळा. तुमच्या घरी पाणी शिरले तेव्हा ‘अल्बम वर का ठेवले नाहीत’ असे मी तुम्हाला विचारले नाही; तेवढे सौजन्य तुम्हीही दाखवा. ग्राहकाची निगेटिव्ह न विचारता टाकणे हे त्याची वस्तू टाकणेच आहे, मग त्याने पाकिटावर काही लिहिलेले असो वा नसो. आज पहिला रोल देणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला निगेटिव्ह परत मिळते हेच ठाऊक नसते, आणि लॅब त्याच अज्ञानावर जागा वाचवते.

तांबडा_दिवा :
दोघांनीही आवाज जरा खाली आणावा. कृष्णधवल यांची तक्रार रास्त आहे. मी स्वतः रोल घरी धुतो त्याचे अर्धे कारण तेच आहे, कारण टाकीतून काढलेली ओली पट्टी दोरीला टांगली, खाली चिमटा लावला, की ती माझ्याच घरात वाळते.

घडीचा_कॅमेरा :
इथे सरसकट ‘इन्स्टंटला निगेटिव्ह नसते’ असे गृहीत धरले जात आहे, आणि ते चूक आहे. पोलरॉइडच्या टाइप ५५ या इन्स्टंट फिल्ममध्ये प्रिंटबरोबर वापरता येण्याजोगी निगेटिव्हही मिळत असे. सोलून झाल्यावर ती सोडियम सल्फाइटच्या द्रावणात बुडवावी लागे. ॲन्सेल ॲडम्स यांच्यासारखा नामवंत छायाचित्रकार पोलरॉइडचा सल्लागार होता आणि ही फिल्म वापरत होता. तेव्हा अर्धी फिल्म वगैरे भाषा जपून वापरावी.

मुख्य मुद्दा मात्र दुसराच आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. नेदरलँड्समधल्या एन्शेडेच्या कारखान्यातली यंत्रे भंगारात जाण्याआधी थोड्या लोकांनी, त्यात तिथलेच जुने कामगारही होते, ती वाचवली. जुनी रसायने मिळेनाशी झाल्यामुळे त्यांना फिल्म नव्याने घडवावी लागली, आणि २०१० मध्ये ती विक्रीला आली. मी ती वापरली आहे. फोटो बाहेर येताक्षणी उजेडापासून झाकावा लागे, म्हणून मी काळ्या पुठ्ठ्याची जीभ कापून कॅमेऱ्याच्या तोंडाशी चिकटवली होती, आणि तरीही निम्मे फोटो तांबूस, धुरकट निघत. लोक ती फिल्म विकत घेत राहिले. बंद पडलेली फिल्म पुन्हा बनवता येते आणि सदोष असली तरी तिला गिऱ्हाईक मिळते, हे तिथे सिद्ध झाले. कोडॅकने एक्टाक्रोम ही बंद केलेली रंगीत फिल्म परत आणली ती त्यानंतर, २०१८ मध्ये.

तांबडा_दिवा :
‘त्यानंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे. एक्टाक्रोम सिनेमासाठीही बनते, हे विसरू नका. परंतु एन्शेडेचे उदाहरण माझ्या लेखनात यायला हवे होते. ते मी सोडले, ही माझी चूक. ॲक्रॉसचेही मान्य.

तरी आणखी एक विचारतो. २०२१ मध्ये आलेल्या इन्स्टॅक्स मिनी इव्होत डिजिटल सेन्सर आहे. हवे तेवढे फोटो काढायचे, पडद्यावर पाहायचे, आवडेल तोच कागदावर उतरवायचा. सावलीताई, तुमच्या भाचीच्या ‘तीनच उरलेत’चे तिथे काय झाले?

सावली :
तिथे ते उरत नाही, हे मला कबूल करावे लागते. कागद तोच, त्यावरची रसायने तीच, आणि आत त्यावर प्रकाशच पडतो. पण फोटो काढण्यापूर्वीचे थांबणे नाहीसे होते. तो कॅमेरा मी तिला दिला नसता. तुम्ही मात्र या एका कॅमेऱ्यावरून सगळ्या इन्स्टंटला बाद करू नका. माझे म्हणणे एवढेच आहे की कारखाना सिनेमाने चालू ठेवला असेल, पण दुकानात जाऊन रोल मागणारी नवी मुले त्या डब्यातून आली.

तांबडा_दिवा :
‘काही मुले’ असे म्हणत असाल, तर मान्य करतो. ‘उपकार’ अजूनही मान्य नाही. भाचीने एसएलआरमधला पहिला रोल धुऊन आणला असेलच. लॅबने निगेटिव्ह परत दिल्या का?

सावली :
दिल्या. पाकिटावर तिने स्वतः लिहिले होते. सहा-सहाच्या पट्ट्या आहेत. चौथ्या आणि पाचव्या पट्टीच्या मधली फ्रेम मात्र मधोमध कापलेली आहे, आणि ती तिच्या आजोबांची होती. दोन्ही तुकडे तिने एकाच पारदर्शक खणात शेजारीशेजारी ठेवले आहेत.