छेदातले रुग्ण आणि लपवलेले मृतदेह

पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ च्या इबोला साथीत मृत्यू भागिले रुग्ण केलं तर मृत्युदर ४० टक्केच येतो, मग ७० टक्के सांगणं म्हणजे भीती घालणं आहे, असं काही जण म्हणतात. पटत नाही. साथ चालू असताना छेदातले, म्हणजे ज्या एकूण रुग्णांनी भागतो त्यांतले, बरेचसे रुग्ण अजून खाटेवरच असतात, आणि अनेकांचं पुढे काय झालं हे कधी नोंदलंच गेलं नाही. ज्यांचा शेवट माहीत होता त्यांच्यात प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपासच होतं.

‘आकडे पक्के होऊ द्या, मग पावलं उचला’ हे म्हणणंही तितकंच अवघड, कारण पावलांमुळेच आकडे बदलतात. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियामध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये मृतदेहांचं सक्तीचं दहन सुरू झालं. दफनाची रीत असलेल्या समाजाला ते सहन होणं शक्यच नव्हतं. लोक आजारी माणसं आणि मृतदेह लपवू लागले. पुढे उपचार केंद्रांतल्या खाटा रिकाम्या दिसायला लागल्या, तेव्हा साथ ओसरतेय की लोक येतच नाहीयेत, हे सांगणं कठीण झालं. (साथ खरोखरच ओसरत होती, पण हे नंतर कळलं.) डिसेंबरमध्ये मन्रोव्हियाजवळ डिस्को हिल इथे सुरक्षित दफनभूमी सुरू झाली आणि दहन थांबलं.